पिंपवाल्या काकांचं जळकं ऑइल

काका गालांना साबण फासून आरशासमोर उभे होते आणि काकू त्यांच्या डब्याचं झाकण दाबत होत्या, तेवढ्यात दार वाजलं. फेसासकट काकांनी दार उघडलं. बाहेर प्रदूषण खात्याचे साहेब. काखेत फाइल, हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी.

“खालचं गॅरेज तुमचंच ना? परवाना रद्द का करू नये, याची नोटीस आहे.”

काकांना वाटलं, साहेब घर चुकले. गल्ली त्यांना पिंपवाले काका म्हणते ते काही उगीच नाही. गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल थेंबही न सांडता झाकणाच्या पिंपात जातं. पिंपाखाली काकूंची जुनी परात. दर दोन महिन्यांनी तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याची गाडी येते, पावती देते, भरलेलं पिंप नेते, रिकामं ठेवून जाते.

“या खेपेला कारखान्यानं तेल तपासलं आणि तुमचं पिंप नाकारलं. तेलात रॉकेल निघालं.”

“निघणारच! सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो. ते घाण रॉकेल गटारात कसं ओतू? पिंपातच ओततो.”

“तिथंच चुकलात. नुसतं तेल पुन्हा वापरता येतं. रॉकेल मिसळलं की अख्खं पिंप घातक कचरा. परवान्यात लिहिलंय, पान सत्तावीस.”

पान सत्तावीस! मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. बारा वर्षांत हे सांगायला खात्यातलं कुणी फिरकलं नाही. नोटीस द्यायला मात्र सकाळी सकाळी दोन जिने चढून आले.

“घ्या, हात दाखवून अवलक्षण!” काकू कडाडल्या. “आणि समोरचं मोठं वर्कशॉप? दिवसाला वीस गाड्या, पिंप एकही नाही. सगळं ऑइल गटारात!”

“वहिनी, पिंपच नाही तर नमुना कशाचा घेणार?”

काकांचं डोकंच फिरलं. म्हणजे ज्यानं जपून साठवलं तो गुन्हेगार आणि ज्यानं गटारात सोडलं तो साव! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. टॉवेलनं फेस पुसून ते तरातरा खाली उतरले आणि त्यांनी गॅरेजमधल्या पिंपाचं झाकण काढून दिलं. साहेबांनी बाटली भरली, सील लावलं, सही घेतली.

“चूक माझी आहे, साहेब,” काका म्हणाले. “आजपासून रॉकेलचा डबा वेगळा. दंड करा, भरतो. पण गॅरेजला टाळं ठोकलंत, तर या गल्लीतलं एकुलतं एक पिंप बंद होईल, एवढं ध्यानात ठेवा. आणि एकच मागणं आहे. पेटीत रिकाम्या बाटल्या आहेत ना, त्यातली एक समोरच्या गटारात बुडवून न्या.”