तान्ह्याच्या वाकळीत काय भरावं? नांदेड ते निलंगा, अर्ध्या तिकिटात

या प्रवासाचं निमित्त ऐकून आमच्या कॉलनीतले एक सर पोट धरून हसले. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये ग्रीस पुसण्यात गेलेला माणूस, पासष्टी उलटल्यावर वाकळीत भरायला काय चांगलं ते शोधायला निघतो, म्हटल्यावर हसणारच. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्याकडे वाकळच म्हणतात.

तर झालं असं. आमच्या लेकीला, प्रज्ञाला, लातुरात मुलगी झाली. सव्वा महिन्याला नाव ठेवायचं ठरलं. पहिल्या लेकराची पहिली वाकळ आजोळहून जाते आणि ती आजीच्या हातची असते, हा आमच्यातला रिवाज. आजी, म्हणजे माझी बायको सुमन, वाकळीसाठी चार गावांत नावाजलेली. पण दोन वर्षांपासून संधिवातानं तिची बोटं आखडलीत. सुई चिमटीत टिकत नाही. हे तिनं लेकीलाही सांगितलेलं नाही आणि सख्ख्या बहिणीलाही नाही. "विकत आणू," म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही शिवा, मी सांगते तसं. पण बाहेर सांगायचं, सुमननं शिवली."

अख्खं इंजिन खोलून पुन्हा जोडणाऱ्याला चार थर कापड जोडणं काय अवघड, असं मला वाटलं. तिथंच फसलो.

पहिला मुक्काम लांबचा नव्हता, नांदेडचाच इतवारा. तिथल्या पिंजाऱ्याच्या दुकानात मशीन धडधडत होतं आणि मालकाच्या भुवयांवर कापूस बसला होता.

"रजई का गादी, चाचा?"

"तान्ह्या लेकराची वाकळ."

"शिवणार कोण?"

"मी."

त्यानं मशीन बंद केलं. मग मात्र मन लावून समजावलं. फायबरचं तयार पान मिळतं, हलकं असतं, सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते, नवशिक्याला सोपं. पण त्यात लेकरू घामाघूम होतं. कापूस थंडीत ऊब देतो, घाम पितो. "लेकिन टाका जवळ जवळ पाहिजे, चाचा. नाहीतर कापूस चालायला लागतो." कापूस कुठं चालतो, असं मनात म्हणून मी दीड किलो पिंजलेली रुई घेतली. चारशेच्या आत काम झालं.

घरी सुमननं पिशवीत हात घातला आणि काढला. "ही तर रजई झाली. वाकळीत जुनं सुती लुगडं घालतात, धुऊन धुऊन विटलेलं. आपल्याकडं एक बी उरलं न्हाई. अक्काकडं असंल, निलंग्याला जा. आणि माझ्या बोटांचं तिला काही सांगायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रुईची पिशवीही हट्टानं सोबत घेतली. जाणाऱ्यांसाठी माहिती: नांदेडहून लातूरला गाड्या बऱ्याच आहेत, लोहा-अहमदपूर मार्गे चार तास धरून चाला. पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट लागतं, कार्ड मात्र खिशात हवं. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घ्या, भजी बघून घ्या. लातूरला गाडी बदलायची, पुढं निलंगा दीड तास. मी लातुरात लेकीकडं गेलो नाही, पिशवी बघून तिनं विचारलं असतं. रस्ता बरा आहे. आमची गाडी मात्र तिसऱ्या गिअरला ओरडत होती. मी ड्रायव्हरला काही बोललो नाही. रिटायर झाल्यावर माणसानं तोंड आवरावं. निलंग्यात उतरल्यावर आधी तिखटजाळ निलंगा राईस खाल्ला, नाक पुसलं आणि अक्काच्या घरी गेलो.

अक्का म्हणजे सुमनची थोरली बहीण. जयभीम झाला, पाणी झालं, तोवर तिची नजर पिशवीवर गेली.

"पाव्हणं, कापूस कशाला?"

मी पिंजाऱ्याचं सगळं ज्ञान तिला ऐकवलं. तिनं दोन फडक्यांमध्ये मूठभर रुई पसरली आणि सुईदोरा माझ्या हातात दिला. "घाला टाके." मी घातले. माझ्या दोन टाक्यांच्या मधून उंदीर गेला असता. अक्कानं ते फडकं बादलीत बुचकळलं, धोपटलं, पिळलं आणि माझ्यापुढं धरलं. सगळी रुई एका कोपऱ्यात गोळा झाली होती. कापूस चालतो म्हणजे काय, ते कळलं.

"तान्ह्याची वाकळ रोज धुवावी लागती. नव्या हाताला रुई पेलत न्हाई," अक्का म्हणाली. "नवं कापड बी घालू नगा. आत आटतंय आन् वरचं चुण्या धरतंय. पालिस्टर तर न्हाईच, घसरतंय." मग सुई परत घेत म्हणाली, "पर सुमननं तुमच्या हातात सुई कशी दिली? ती तर मला बी मधी टाका घालू देत न्हाई."

मी आधी छंद वगैरे म्हणून बघितलं. खोटं बोलणं माझ्या अंगी नाही, लगेच पकडला गेलो. सांगून टाकलं. अक्कानं पदरानं डोळे पुसले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. एक शब्द पाळायला सांगितला होता, तोही पाळला नाही.

रात्री तिथंच मुक्काम केला. सकाळी अक्कानं ट्रंक उघडली. सुती लुगडं तिच्याकडंही नव्हतं. मग आम्ही गल्लीत मागत फिरलो. तान्ह्यासाठी जुनं कापड मागायला लाज नसते. पण मिळेना. पहिल्या घरी नायलॉन, दुसऱ्या घरी सिंथेटिक, तिसऱ्या घरी तर बाईच म्हणाली, "सुती नेसतंय कोण आता? इस्त्री कोण करावं?" बाजारात पैसे टाकले की दहा जातीचं भरण मिळतं, आणि जे पाहिजे ते अख्ख्या गल्लीत कुणाच्या घरात उरलेलं नाही. याचा विचार मी नांदेडहून निघताना केलाच नव्हता.

गल्लीच्या टोकाला एक आबा ओट्यावर बसले होते, नव्वदीला टेकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरचा पटका सोडायला लागले. पांढरा सुती पटका, धुऊन मलमलीसारखा झालेला. एक एक फेर उलगडत मांडीवर पडत गेला.

"आबा, डोक्यावरलं कापड लेकराच्या खाली?" मी म्हणालो. "ओलं करंल ती."

"करू दे की! सत्तर वर्सं घामच पिलाय त्यानं. आता जरा चांगलं काम करू दे." मग सुनेला हाक मारली, "आतला दुसरा बी आण गं, जुना." पैसे काढले तर रागावले.

दोन पटके मिळाले, चार पदरी दुमडून लेकराच्या वाकळीला पुरेपूर. परत येताना अक्का म्हणाली, "पाव्हणं, इथंच ऱ्हावा दोन दिस. मी शिवून देते. कुणाला कळतंय?" खरं सांगतो, मला मोह झाला. टाके कसे सरळ रेषेत गेले असते! पण सुमन टाक्यावरून माणूस ओळखते. आणि मग त्या वाकळीत तिचं काय राहिलं असतं? नको म्हणालो. अक्कानं पुन्हा विचारलं नाही, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. रुई तिलाच ठेवली, उशा होतील.

दुपारच्या गाडीनं निघालो, दिवेलागणीला नांदेड. आधी सुमनला कबूल केलं की अक्काला सगळं सांगितलंय. तिनं पटका नाकाशी धरला, दोन बोटांत चोळायला गेली, जमलं नाही, मग गालाला लावून बघितला. "हा चांगला हाय," म्हणाली.

नव्यानं वाकळ शिवणाऱ्याला माझा सल्ला एवढाच: जुनं, सुती, विटलेलं कापड आधी मिळवा, वरचं रंगीत कापड नंतर बघा. आणि सोबत जाणकार बसवा. सुमन तळव्यानं थर सारखे करते, मी कच्चे टाके घालून पक्के भरतो, ती खालून उलट्या हातानं चाचपते आणि चुका काढते. मी एवढी बोलणी वर्कशॉपमध्ये साहेबाची खाल्ली नव्हती.

काल प्रज्ञाचा फोन आला. "आईची वाकळ कुठवर आली, बाबा?" मी ठरलेलं उत्तर देणार, तोच सुमननं फोन मागितला. तो तिला धरता येईना, म्हणून मी तिच्या कानाशी धरला.

"तुझे बाबा शिवून राहिलेत," ती म्हणाली. "माझ्या हातानं आता सुई धरवत न्हाई गं."

पलीकडून प्रज्ञा काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. सुमन नुसती हं, हं करत होती. खूप वेळ. फोन ठेवल्यावर तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि वाकळ पुढं ओढली.

"ही शेवटची ओळ उसवा," म्हणाली. "वाकडी गेलीय."

उसवली.