सकाळपासून नव्हे, साडेबारानंतर

२००७ सालचा नोव्हेंबर, दिवाळीनंतरचा रविवार. ठिकाण शिवाजी पेठेतलं माझ्या थोरल्या बहिणीचं घर. प्रसंग तिच्या मुलीच्या, सुजाताच्या, लग्नाच्या याद्या. आमच्याकडून हजर : दाजी, दाजींचे थोरले भाऊ आप्पा, आप्पांच्या पत्नी विमलवहिनी आणि पेठेतली चार वडीलधारी माणसं. सुजाता शेजारच्या घरी तयार होत होती. कोडोलीहून आलेले : नवरा मुलगा, त्याचे आईवडील, चुलते बाळासाहेब आणि भावकीतले तिघं. गैरहजर : मी. माझी परीक्षाकेंद्रावर ड्यूटी होती. आणि स्वयंपाकघरात, कढईपाशी, माझी अक्का.

अक्का गेल्या महिन्यात गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘सुटली बिचारी.’ हे वाक्य मला ऐकवत नाही. ती दीड वर्षं अडकली कशात, ते आधी विचारा. ती नशिबात अडकली नव्हती. घरातल्या माणसांनी बोललेल्या एका शब्दात अडकली होती.

पण आधी ती कशी होती ते लिहिते, नाहीतर लोकांच्या डोक्यात खुर्चीतली बाईच राहील. आम्ही गडहिंग्लजकडचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अक्का एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पेठेत आली आणि वर्षभरात पेठेसारखीच मोठ्यानं बोलायला लागली. फुटबॉलचं वेड दाजींना होतं, पण भांडायची ती. एकदा दाजींचे एक पंच मित्र जेवायला आले होते. आदल्या दिवशी त्यांनी आमच्या तालमीच्या संघाचा गोल नाकारला होता. अक्का पळीभर आमटी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. “पावणं, वाटी दिसतीया न्हवं? न्हाय, काल येवढा गोल दिसला न्हाय तुमास्नी, म्हणून इचारलं.” पंच जेवले, हसले, आणि पुढं कितीतरी वर्षं पोळ्या खायला येत राहिले. मी नोकरीला लागले तेव्हा पगाराचं काय करायचं हे सांगायला घरातले सगळे पुरुष जमले होते. अक्कानं सगळ्यांसमोर विचारलं, “तुमच्यातल्या कुणी परीक्षा दिलती तिच्याबरोबर?” विषय संपला.

त्या रविवारी साडेदहाला तिनं मला फोन केला. पुरणात जायफळ जास्त पडलंय, काय करू, असं विचारत होती. खरं म्हणजे तिला नुसतं बोलायचं होतं. आवाज खणखणीत होता. “तू याद्यांना न्हाईस, मग तुझ्या वाट्याची पोळी मीच खाती,” म्हणाली आणि हसली. तिचं मला नीट ऐकू आलेलं ते शेवटचं वाक्य.

पुढचं विमलवहिनींकडून कळलं. साडेबाराच्या सुमारास अक्काच्या हातातून उलथणं पडलं. उचलायला गेली तर हात उचलेना. काहीतरी म्हणाली, ते शब्द नव्हते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. वहिनींनी तिला आतल्या खोलीत निजवलं आणि बाहेर जाऊन आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पांनी तिथल्या तिथं निकाल दिला. “गप. पावणं बसल्यात. लकवा म्हणलं की घराण्याला नाव पडतंय. पोरीचं मोडंल.” दाजींनी मान खाली घातली, म्हणजे संमती दिली. दार ओढून घेतलं. कोडोलीच्या मंडळींनी विहीणबाई दिसत नाहीत म्हणून विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, “सकाळपास्नं अंग मोडून आलंय तिचं. पडलीया जरा.”

पंगत झाली. अक्कानंच लाटलेल्या पोळ्या, तिनंच केलेली कटाची आमटी. आप्पांनी पावण्यांना दूध-तुपाचा आग्रह केला. मानपान ठरले, कागदावर सह्या झाल्या. भिंतीपलीकडं एका बाईच्या मेंदूचा तुकडा रक्तावाचून मरत होता, आणि अलीकडं आहेराच्या साड्या मोजत होते...

दार उघडलं ते परक्या बाईनं. नवऱ्या मुलाच्या आईनं विहिणीला कुंकू लावल्याशिवाय निघणार नाही असा हट्ट धरला. आत गेल्या, तशाच बाहेर आल्या आणि दिराला म्हणाल्या, “भावजी, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता.” बाळासाहेबांनी अक्काला स्वतः उचलून जीपमध्ये घातलं. मागं दाजी, आप्पा, विमलवहिनी. दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. म्हणजे वेळ होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते. वेळ होता.

सीटी स्कॅन झालं. त्यात काही दिसलं नाही. आप्पा लगेच बाहेर येऊन फोन लावायला लागले, “काय न्हाय, स्कॅन एकदम क्लिअर आलंय.” त्या क्लिअरचा अर्थ डॉक्टरांनी मला नंतर समजावला. रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर पहिल्या काही तासांत फिल्मवर बहुधा काहीच दिसत नाही. स्कॅन करतात ते मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघायला. फिल्म स्वच्छ, हात मात्र लुळा, याचा अर्थ माणूस बरा आहे असा होत नाही. याचा अर्थ गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. ते सुरुवातीपासून तीन तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टर एक प्रश्न विचारतात. कधी सुरू झालं?

त्यांनी तो विचारला. गाडीची किल्ली हातात घेऊन बाळासाहेब शेजारीच उभे होते. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “सकाळपास्नं.” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की का, सकाळी उठल्या तेव्हा ठीक नव्हत्या का, हे फार महत्त्वाचं आहे. आता दाजी बोलले. “व्हय. सकाळपासूनच.”

इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांनी बरोबर केलं. त्यांना खोटं सांगितलं होतं.

मी पाच वाजून गेल्यावर पोचले. डॉक्टर म्हणाले, सकाळपासूनचं असल्यामुळं काही करता आलं नाही. मी म्हटलं, सकाळपासून कसं? साडेदहाला ती माझ्याशी फोनवर बोललीय. डॉक्टर तरुण होते. हातातली फिल्म त्यांनी उगीचच पुन्हा उजेडाच्या पेटीवर लावली. मी बाहेर येऊन दाजींना विचारलं. ते म्हणाले, “आता बोलून काय हुतंय?” विमलवहिनी रडायला लागल्या. “मी हुते की तितं, ताई. तोंड उघडणार, तर ह्यांनी डोळं वटारलं.”

बाळासाहेब बाकावर बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी. मग सावकाश म्हणाले, “आमच्या आईला दोन वर्सं झाली लकवा होऊन. आमी काय सोयरीक मोडणार हुतो व्हय, आप्पा? हातातला घास टाकून गाडी काढली असती की.” आप्पांनी चष्मा काढून पुसला. दुसरं काही केलं नाही, आजपर्यंत केलेलं नाही.

लग्न ठरल्या तिथीला झालं. अक्का खुर्चीत होती. उजवी बाजू गेली आणि मराठी सगळीच गेली. उरले ते लहानपणचे दोन कानडी शब्द, बेड आणि साकु, नको आणि पुरे. चहा, औषध, जावई, पाऊस, सगळ्याला हेच दोन. एकदा सुजाता माहेरी आली असताना मी बोलायला सुरुवात केली, “त्या दिवशी...” अक्का डाव्या हातानं माझं मनगट धरून म्हणाली, “बेड.” चहाला म्हणायची तसं नव्हतं ते. मी थांबले. तिचा शब्द होता, तो पाळला.

आता ती नाही. उत्तरकार्याच्या दिवशी भांडी आवरताना सुजाता मला म्हणाली, “मावशी, आईला सकाळपासून होत होतं. मी साडी नेसायला शेजारी पळाले आणि एकदा पण वळून बघितलं नाही तिच्याकडं.” दीड वर्षं ही पोर हे उरावर घेऊन नांदतीय. सासरी रोज उठल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला हात उचलायला लावते, नाव सांगायला लावते. सासरे थट्टेनं दोन्ही हात वर करूनच चहाला येतात. दाजींना हे ठाऊक आहे, आप्पांना ठाऊक आहे. दोघंही सांगत नाहीत. तेव्हा त्यांची अब्रू जात होती, आता त्यांची झोप जाईल. मी उत्तर द्यायच्या आत आप्पांनी तिला बाहेर हाक मारली, आणि ती गेली.

वाचणाऱ्यांनी एवढं करावं. तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ अडखळली, की आधी घड्याळ बघा आणि जी वेळ दिसेल तीच डॉक्टरांना सांगा. शेजारी कुणीही उभं असो.

हा मजकूर येत्या रविवारी छापून येईल. कोडोलीतही हा पेपर जातो. सुजातानं हे पेपरात वाचू नये. तिच्या समोर बसून, तिचं नाव घेऊन सांगायला हवं, की तू शेजारी गेलीस तेव्हा तुझी आई धडधाकट होती. गेल्या दोन रविवारी स्टँडपर्यंत जाऊन परत आले. अजून सांगायचं राहिलंय.