लाल बटणाची तार

आमचे हे कारखान्यात वायरमन. तीस वर्षं मोटरी चालू-बंद करणारे रिले बदलण्यात गेली, आणि एक दिवस साहेबांनी सगळे रिले भंगारात काढून वहीएवढा एक डबा बसवला. आता मोटर कधी चालायची, कधी थांबायची ते म्हणे हा डबा ठरवणार, आणि त्याला ते सांगायचं शिडीसारखं चित्र काढून. लॅडर म्हणतात त्याला. पंधरा दिवसांत शिका, परीक्षा द्या, नाहीतर गोदामात खोकी उचला!

मला तर धडकीच भरली. पण ह्यांनी पहिला धडा उघडला आणि चहा तसाच टाकून ओरडले, "अगं, हे तर माझंच जुनं सर्किट! दोन उभ्या रेघा, मधे पायऱ्या. डावीकडून वीज निघते, वाटेतली सगळी बटणं हो म्हणाली की उजवीकडे मोटर चालू!" मग काय, घरभर शिड्याच शिड्या. माझी किराणाची यादीसुद्धा सोडली नाही.

परीक्षा आमच्याच बाटल्या वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर होती. मी तिथेच पॅकिंगला, त्यामुळे आम्ही सगळ्या बाया बघत उभ्या. ह्यांनी ऐटीत हिरवं बटण दाबलं. पट्टा ढिम्म हलेना!

शिकवणारे सर आमच्या लेकाच्या वयाचे. हसून म्हणाले, "काका, तुमचं थांबवायचं लाल बटण जुन्या पद्धतीचं आहे, दाबलं की जोडणी तुटते. त्याजागी दाबल्यावर जोडणारं लावा. दोन मिनिटांत पास!"

"ते नाही काढणार," हे म्हणाले. झालं! म्हटलं, आता बसा गोदामात. अस्सा राग आला म्हणून सांगू!

हे मात्र पडद्याला नाक लावून पुटपुटत होते. एकदम कपाळावर हात मारला. "मी पण काय गाढव! लाल बटणातून डब्याला वीज मिळतेच आहे, आणि मी रिलेच्या सवयीनं लिहून बसलोय, वीज नसेल तरच पुढे जा!" चित्रातली एक खूण बदलली, हिरवं बटण दाबलं, आणि पट्टा सुटला की! आम्ही टाळ्याच पिटल्या.

तेवढ्यात ह्यांनी लाल बटणाची तार उपटली. पट्टा जागच्या जागी थांबला.

"तुमचं बटण असतं, तर तार तुटल्यावर कितीही दाबा, हा थांबला नसता," हे सरांना म्हणाले.

"पण काका, नोकरी पणाला लावून एवढा हट्ट?"

"सर, ह्या पट्ट्यापाशी माझी बायको उभी असते."

सर 'पास' म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, आणि मी वेड्यासारखी हसत होते.