वळणावरच्या मालगाडीचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — कुठून सुरू करावं ते मात्र अजून कळत नाही.

मी मालवणचा, शाळामास्तर. आमच्याकडे तेव्हा आगगाडी नव्हतीच. म्हणूनच मला तिचं वेड लागलं असेल का? सुट्टी पडली की एसटीने आंबोली घाट चढून बेळगावला साडूकडे जायचं आणि बॉक्स कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला उभं राहायचं. मालगाड्या मला जास्त आवडायच्या — सावकाश येतात, धूर भरपूर. माझी बायको शारदा घावण्यांचा डबा घेऊन सोबत यायची. मालगाडीच्या वाघिणी ती मोजायची, फोटो मी काढायचो. संध्याकाळी दोघांची तोंडं कोळशाने काळी झालेली असायची, आणि एकमेकांकडे बघून हसू आवरायचं नाही.

गोवा पोर्तुगीजांकडून सुटून वर्ष झालं होतं. एका वळणावर आम्ही थांबलो होतो, फिल्मवर एकच फोटो उरला होता. मालगाडी वळली — इंजिन काळंकुट्ट, थेट अंगावर आल्यासारखं — आणि ड्रायव्हरने शिट्टी दिली. मी... मी घाबरलो. दोन पावलं मागे सरलो, डोळे गच्च मिटले. शारदाने माझ्या हातातला कॅमेरा काढून घेतला, पोटाशी धरला आणि खटका दाबला.

"तुमी डोळे मिटलास," ती हसत म्हणाली. "मिया दाबलंय. गावलो तर गावलो."

गावला — आणि कसा! धुराचा लोट मागे कललेला, चाकांशी वाफ, ड्रायव्हर खिडकीतून वाकून तिच्याकडे बघत हसतोय. मला जन्मात तसा साधला नाही.

वाचनालयात तो फोटो लागला. खाली नाव माझं. मास्तर, भीती नाही वाटली? लोक विचारायचे. रुळापासून चार हातांवर उभा होतो, पापणी लवली नाही, असं मी सांगायचो. शारदा बायकांमध्ये उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "फोटो बरो दिसता."

पुढच्या सुट्टीत पुन्हा बेळगाव, पुन्हा तेच हसणं. रुळाकडेला तिने हात पुढे केला. "माका एकदा दिया. एकच काडतंय."

फिल्म वाया जाईल, मी म्हटलं. तिने हात मागे घेतला आणि डबा उघडला. नंतर कॅमेरा कधी मागितला नाही.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही हिंडलो. ते दिवस सुखाचे होते, यात खोटं काही नाही. पण — इथेच अडतं माझं. फोटो कुणी काढला हे शारदाला ठाऊक आहे. मी घाबरलो होतो, हेही. ठाऊक नाही ते एवढंच, की फिल्मची मला काळजी नव्हतीच. तिचा दुसरा फोटोही माझ्यापेक्षा चांगला येईल, याची धास्ती होती. म्हणून मी तिच्या हातात पुन्हा कधी कॅमेरा दिला नाही.