जाऊबाईंची कॅसेट

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई एडिंबराला आमच्याकडे महिनाभर राहायला आल्या, तेव्हा मी सहा वर्षांचा राग मनात धरून बसले होते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात हे रात्रंदिवस हॉस्पिटलात ड्यूटीवर असायचे. मी एकटी बसून आईसाठी कॅसेट भरली. पत्रात रडता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्याच तेव्हा कॅसेटी पाठवायचो. नेणाऱ्या पाहुण्यानं आळस केला आणि ती मिरजेला माझ्या आईकडे न देता पुण्यात सासरी टाकली. जाऊबाईंनी ती हळदीकुंकवाला लावली. घरभर जमलेल्या बायकांनी माझं रडं ऐकलं. आईला हे तिसरीकडूनच कळलं.

त्या दिवशी किल्ला बघायला जायचं ठरलं होतं. पण सकाळपासून पाऊस असा लागला की समोरची दगडी घरंसुद्धा नीट दिसेनात. खिडकीशी बसून जाऊबाई कंटाळल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईला एक कॅसेट भरून पाठवू का? मी लगेच टेपरेकॉर्डर काढून दिला, वरच्या खोलीत हीटर लावला, दार ओढून घेतलं. इतक्या आपुलकीनं मी त्यांच्याशी कधीच वागले नव्हते. तासाभरानं त्या डोळे पुसत खाली आल्या आणि पोस्टात टाकायला म्हणून कॅसेट माझ्याच हातात दिली.

किल्ल्याला बरोबर येणार होत्या त्या माझ्या तिघी मैत्रिणी, इथल्या मराठी डॉक्टरांच्याच बायका, दुपारी घरी आल्या. जाऊबाई हौसेनं भजी तळायला आत गेल्या. मी कॅसेट लावली.

"आई, मला इथं करमत नाही गं," त्यांचा आवाज आला. "ही सगळं हातात आणून देते. पण तीन आठवडे झाले, एकदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली नाही." मग नुसते हुंदके.

मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, बंद कर. मला लाज वाटली नाही असं नाही, पण राग लाजेहून मोठा होता. मी आवाज वाढवला.

जाऊबाई भज्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझी मी अशीच लावली होती, नाही का?"

"अशीच नाही, जाऊबाई," मी म्हटलं. "तुम्ही हुंदक्यांची नक्कलही करून दाखवली होती."

आणि कॅसेट मागे फिरवून मी पहिल्यापासून लावली.