चार बोटं

मिस्त्रीच्या हाताला कुणी नावं ठेवून दाखवावीत, असं लष्करी कारखान्याच्या शेडमधले लोक छातीठोकपणे म्हणायचे. एकतीस वर्षं तो एकच काम करत होता. म्हाताऱ्या रणगाड्यांपासून जवान नेणाऱ्या चिलखती गाड्या करायच्या. क्रेनने तोफेसकट वरचा घुमट उचलायचा, भोकावर जाड पोलादी पत्रा वेल्ड करायचा, आत आठ आसनं बसवायची. डोकं उतरवलेल्या त्या गाड्यांना शेडमध्ये ‘बोडकी’ म्हणत. साहेबांच्या कागदात नाव भलं लांबलचक होतं, पण ते म्हणत बसायला वेळ कुणाला!

आसनांचं काम मात्र चेष्टेचं नव्हतं. ती तळावर ठोकायची नाहीत, छताला पट्ट्यांनी टांगायची. पाय ठेवायचं पायदानही टांगलेलंच. खाली सुरुंग फुटला की तळ वर उसळतो, म्हणून पायदान आणि तळ यांच्यात एक वीत मोकळी हवी. नव्या माणसाला मिस्त्री पहिल्या दिवशी हेच सांगायचा आणि तो चुकला की सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने करायचा.

त्याचा एकुलता एक लेक पायदळात होता. चांगला सव्वासहा फूट उंच. आई लाडाने त्याला शिडी म्हणायची. सुट्टीवर आला की गुडघे चोळत बसे.

“बाबा, तुमच्या बोडकीत चार तास बसलं की गुडघे कानाला लागतात हो. उतरून पळायचं कसं?”

आई फणकारली, “अहो, जगाच्या पोरांच्या गाड्या करता, आपल्या पोरासाठी एवढं जमत नाही?”

पुढच्याच महिन्यात लेकाच्या तुकडीला मिळणारी नवी गाडी आसनं बसवायला शेडमध्ये आली. उजवीकडचं तिसरं आसन त्याचं, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर त्याने तिथलं पायदान खाली घेतलं. फार नाही, चार बोटं. माया आली की शहाण्या माणसाची अक्कल कुठे जाते, देव जाणे! तपासनीस आला, त्याने मोजपट्टी खिशातून काढलीसुद्धा नाही. “तुमचं काम काय तपासायचं, मिस्त्री!” म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

महिन्याभराने लेकाचा फोन आला, आता बसायला ऐसपैस वाटतं म्हणून. त्या दिवशी मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग सुरुंग फुटला. सात जण खरचटून, मुका मार खाऊन बाहेर आले. शिडीचे दोन्ही पाय घोट्याच्या वरून कापावे लागले.

गाडी शेडमध्ये परत आली. मिस्त्री आत शिरला. तळ फुगून वर आला होता आणि त्याने एकच पायदान चेचलं होतं. बाकीची सात जशीच्या तशी. चेचलेलं होतं ते उजवीकडचं तिसरं.

चौकशी झाली. चेचलेल्या पायदानाचं माप घेणार कसं? ज्या अर्थी सात वाचले, त्या अर्थी आठव्याने नियम मोडून पाय तळावर टेकवले होते, असा अहवाल आला. तपासनिसाने मिस्त्रीला कोपऱ्यात घेतलं. “तोंड उघडू नका. तुमच्याबरोबर मीही जाईन.” मिस्त्री गप्प राहिला. लाज वाटते सांगायला, पण तीन आठवडे तो गप्प राहिला.

एका दुपारी तो दवाखान्यात लेकाच्या खाटेशी बसला होता. आई डबा धुवायला गेली होती.

“चूक माझीच, बाबा,” लेक म्हणाला. “डोळा लागला असेल, पाय खाली गेले असतील. मला आठवत नाही, पण सगळे तसंच म्हणतात. तुम्ही एवढं जिवापाड काम करता, आणि मी तुमच्या कामावर पाणी फिरवलं.”

 आता गप्प बसणं मिस्त्रीला शक्यच नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, पाना, चार बोटं. मान वर न करता सांगितलं.

“म्हणजे मी पाय टेकवले नव्हते?”

“नाही रे राजा. तू नियमानेच बसला होतास.”

लेकाचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो ढसाढसा रडला, अन् रडताना हसतही होता. “परत सांगा, बाबा.” मिस्त्रीने परत सांगितलं. “हे माझ्या साहेबांना सांगाल?”

“उद्याच सांगतो.”

लेकाने डोळे पुसले. बराच वेळ तो बापाच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

“आता तुम्ही जा, बाबा,” तो म्हणाला. “आणि परत येऊ नका.”