खजुरासारखा, पण आत उजेड असलेला

माझ्या सासऱ्यांच्या होडीचा रंग मी एकदा प्यायलो आहे. चूक माझीच. कर्जतला त्यांच्या ओट्यावर स्टीलच्या पेल्यात काहीतरी तांबूस निवत ठेवलेलं दिसलं. जावयाचा चहा गार होतोय, अशा समजुतीनं मी अर्धा पेला एका दमात संपवला. जीभ टाळूला अशी चिकटली, की ‘अण्णा’ एवढंही म्हणता येईना. अण्णा बाहेर आले, पेल्यात डोकावले आणि हळहळले. माझ्यासाठी नव्हे.

“जावईबापू, अहो, पानातला कात होता तो! मुरवत ठेवला होता. आज नेमका रंगाला आला होता.” मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, “जीभ दाखवा बरं.” मी दाखवली. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, उजेडात जीभ पाहिली आणि मान हलवली. “छे. फार तांबडा.”

अण्णा भूगोलाचे मास्तर. आयुष्यभर त्यांनी कर्जतच्या पोरांना फळ्यावर महासागर काढून दाखवले. स्वतः मात्र समुद्रावर एकदाच गेले होते, तेही अगदी लहानपणी. मुरूडकडचं गाव सोडून त्यांचं बिऱ्हाड एका मचव्यातून, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीतून, धरमतरला उतरलं होतं. त्यानंतर लवकरच त्यांची आई गेली. आणि आता, केस पांढरे होऊन विरळ झाल्यावर, ते त्या मचव्याची हातभर लांबीची प्रतिकृती करायला बसले होते.

एवढा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. पडवीत उन्हाचा चौकोन पडला होता, त्यात लाकडाचे तुकडे वाळत होते. एक तुकडा तळहातावर घेऊन, त्याच्याशीच बोलावं तसं म्हणाले, “मला आईचा चेहरा आठवत नाही. फोटोही नाही. होडीच्या कडेची एक फळी आठवते आणि फळीवर तिचा हात. हात हलतोय, हिरव्या बांगड्या वाजताहेत. बस, एवढीच आई आहे माझ्याकडे. हल्ली वाटतं, तेसुद्धा स्वप्नच असेल.”

साक्षीला उरली होती एकटी अक्का, त्यांची मोठी बहीण. ती कुंभिवलीला दिलेली, पक्की तिकडचीच झालेली. तिला फळीचा रंग विचारला, तर डोळे मिटून म्हणायची, “खजुरावानी व्हती रं. पन आतमंदी उजेड व्हता.” अण्णांच्या आठवणीतला रंगही तोच. लाकूड तसं मिळालं आणि अक्का ‘हीच’ म्हणाली, की आई खरी ठरणार होती.

मग सुरू झाली लाकडांची वधूपरीक्षा. सुताराच्या दुकानातून अण्णा पिशवी भरून तुकडे आणत. एकेकाला उन्हात धरत, सावलीत धरत, नाकाशी नेत. प्रत्येकाबद्दल त्यांचं मत तयार. “साग चांगलाच हो, पण त्याला सगळ्याच लग्नांत बोलावतात.” “शिसव म्हणजे मोठा साहेब. खोलीत आला की दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही.” “शिवण गरीब गाय, सांगाल तो रंग घेते. पण तिचं स्वतःचं म्हणणं काय?” शेवटी त्यांचं मन बसलं फणसावर. ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो आणि वयानुसार आपोआप गडद होत जातो. “माणसांत असं दिसत नाही,” अण्णा म्हणत. “माणूस नुसताच फिकट होतो.”

पण गडद व्हायला फणस वर्षं घेणार आणि तेवढी वर्षं अण्णांकडे नव्हती. म्हणून काताचं पाणी, चहाचं पाणी, हिरड्याच्या काढ्यात गंजलेले खिळे. बाजारात जवळच्याच कोंडाणे गावाकडची एक बाई हिरडा विकायला बसे. अण्णांनी तिसऱ्यांदा पिशवी पुढे केली, तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, “मास्तर, समद्या घराचंच प्वाट बिघडलंय का?”

“नाही गं, होडीचं,” अण्णा म्हणाले. तिनं मूठभर हिरडा जास्त घातला.

दर खेपेला नवा तुकडा रुमालात गुंडाळून आम्ही कुंभिवलीला जायचो. स्कूटर मी चालवायचो आणि अण्णा मागे बसून तुकडा छातीशी धरायचे, एखादं तान्हं मूल दवाखान्यात न्यावं तसा. खालापूरच्या वळणावर माझा रस्ता हमखास चुकायचा. अण्णा म्हणायचे, “असू दे. आपल्याला दिशा कळत नाही, पण जायचं कुठं ते कळतं. याच्या उलट माणसंच जास्त.”

अक्का अंगणात बसलेली असे. तुकडा हातात घेई, डोळ्यांजवळ नेई, आणि धाकट्या भावाला परत देई. “नाय रं बाळू. ही नव्हं. खजूर हाय, पन उजेड ग्येला.” पुढच्या खेपेला अण्णांनी रंग पातळ केला, तर म्हणाली, “उजेड हाय, खजूर नाय.” गडद करावा तर लाकूड मुकं होई, फिका ठेवावा तर पोरकट दिसे. एकदा परतताना माझ्या पाठीमागून आवाज आला, “स्वप्नच असणार हो ते. खऱ्या लाकडाला असा रंग नसतो.”

त्या दिवशी मी स्कूटर उगाच हळू चालवली.

शेवटच्या खेपेला नेलेला तुकडा नुसता फणसाचा होता. अण्णांनी त्याला काहीच लावलं नव्हतं. हार मानल्यासारखाच आणला होता. आमची जेवणं झाली होती. अक्का अंगणाच्या कडेला बसून आचवत होती. तिनं ओल्या हातानंच तुकडा घेतला आणि तिची बोटं जिथं टेकली, तिथं लाकूड गडद झालं. गडद, आणि तरी उन्हात आतून उजळलेलं.

अक्का त्याकडे बघतच राहिली. मग तिनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्या तुकड्यावर सोडलं. “बाळू, ही रं! हीच!”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. होडी ओली असते. इतके महिने आम्ही तिचा रंग शोधत होतो आणि डोंगराच्या पायथ्याशी राहून एवढी एकच गोष्ट विसरलो होतो.

“पण अक्का,” अण्णा हळूच म्हणाले, “आम्ही होडीत आत बसलो होतो. आतली फळी ओली कशी?”

“ओली नाय तर काय! तू ओकलावतास ना रं! सारखा ओकत व्हतास. आई बापडी दर्यातलं पानी घ्यायची आन् फळी धुवायची. किती बारी धुतली असंल!”

अण्णांनी तुकडा तिच्या हातातून घेतला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “म्हणजे हात हलत होता... बांगड्या...”

“फळी घाशीत व्हती ती. तुझं तोंड पुसायची, फळी घासायची.”

अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांनी तो ओला तुकडा गालाला लावला आणि तसेच बसून राहिले. अक्कानं आपला ओला हात त्यांच्या डोक्यावरून फिरवला. “आजून ओकतोस का रं गाडीवर?” तिनं विचारलं.

होडी पुरी झाली. रंग नाही, पॉलिश नाही, नुसता फणस. अण्णा रोज सकाळी बोट पाण्यात बुडवून कडेच्या एका फळीवरून फिरवत आणि ती सुकेपर्यंत बघत बसत. रंग परत जाताना त्यांना वाईट वाटत नसे. “उद्या आहेच की,” म्हणत. गेल्या थंडीत, असाच एक उद्या आला आणि अण्णा नव्हते.

होडी आता आमच्याकडे आहे. परवा मला एक युक्ती सुचली. दुकानात असं एक पॉलिश मिळतं, की लाकूड कायम ओलं दिसतं. मी डबा आणला, ब्रश आणला आणि मोठ्या अभिमानानं बायकोला दाखवला. तिनं डबा माझ्या हातातून काढून घेतला. बोट पाण्यात बुडवलं, वडिलांच्या फळीवरून फिरवलं. तिच्या बांगड्या वाजल्या.

“काही लावू नका,” ती म्हणाली. “ती सुकते म्हणून तर हात लावावा लागतो.” मग आत जाता जाता वळून म्हणाली, “आणि ओट्यावर पेला आहे, तो चहाचाच आहे. घ्या.”